सर्जाकाकाचे कान

सर्जाकाकाच्या गोडाऊनमध्ये एकच नियम होता. अल्बम लागला की तो संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. पाणी प्यायला नाही, फोन घ्यायला नाही, दारात पावणं आलं तरी नाही. मी शाळेत असताना आप्पांचा डबा घेऊन तिथं पहिल्यांदा गेले, तेव्हा मला हे माहीत नव्हतं. आप्पा म्हणजे माझे वडील. ते सर्जाकाकाच्या डॉल्बीचा टेम्पो चालवायचे. मिरवणुकीपुढं स्पीकरची जी भिंत चालते तिला आमच्याकडं डॉल्बी म्हणतात. गडमुडशिंगीच्या बाहेर, उसाच्या कडेला पत्र्याचं गोडाऊन होतं, आणि त्यात ती भिंत सुटी सुटी करून ठेवलेली असायची. मी डबा ठेवला आणि वळले, तर मागून आवाज आला.

"बस खाली."

"मला शाळा हाय."

"शाळा रोज असती. हे मधनं तोडायचं न्हाय. कुस्ती लागल्यावर आखाड्यातनं उठून जातंय का कोण?"

मी बसले. आप्पाही डबा न उघडता बसले होते. स्पीकरमधून कुणीतरी इंग्रजीत घाईघाईनं भांडत होता, त्याच्यामागं सुरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा फिरत होता, आणि मला बसवणारा तो हडकुळा माणूस, सर्जाकाका, हातात स्क्रू ड्रायव्हर धरून, डोळे मिटून, लाकडी पेटीवर बसला होता. आमटी गार झाली. आवाज थांबल्यावर त्यानं डोळे उघडले. "जेवा आता. आणि तू गं, पळ. उशीर झाला म्हणून मास्तरनं मारलं तर माझं नाव सांग."

मास्तरनं मारलं. मी नाव सांगितलं, तर आणखी मारलं.

आता मी सरकारी नोकरीत आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, तेही इंग्रजी घेऊन, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. पण रॅपचा अल्बम ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायची वस्तू आहे, हे मला कुठल्या कॉलेजात कळलं नाही. ते त्या पत्र्याखाली कळलं.

सर्जाकाका तरुणपणी गाड्यांचे टेप दुरुस्त करायचा. एकदा गोव्याहून आलेल्या एका गाडीच्या टेपमध्ये कॅसेट अडकली होती. गाडीवाल्यानं सांगितलं, काढून फेकून द्या, टेप तेवढा चालू करा. काकानं फीत सोडवली, पेन्सिलीवर गुंडाळली आणि नीट वाजते का बघावं म्हणून लावली. कॅसेटवरचं नाव घासून गेलेलं. सुरुवातीला कुणीतरी लाकडी जिना चढतोय, धापा टाकतोय, दाराची कडी वाजते, आणि मग ड्रम. त्या दिवशी दुकानात आणखी गाड्या होत्या, त्या तशाच राहिल्या. दुकानाच्या मालकानं त्याला शिव्या घातल्या. काका मला सांगायचा, "शिव्या पन ऐकाय आल्या न्हाईत. मी जिन्यावर हुतो."

त्यानं त्या कॅसेटचं खरं नाव पुढं शोधलं, पण वापरलं नाही. त्याच्यासाठी तो कायम 'जिन्याचा अल्बम' होता आणि तो गाणारा 'जिन्यावाला'. पुढं सीडी आल्या, मोबाईल आला, शे-दोनशे अल्बम त्याच्या कानाखालून गेले, आणि प्रत्येकाला त्यानं घरचं नाव ठेवलं. 'दोघा भावांचा' होता. त्यात दोघं एकमेकांच्या तोंडातलं वाक्य काढून घेत गातात. 'पेटीचा' होता. त्यातल्या चर्चच्या वाद्याला तो भजनातली पेटीच समजायचा. अलीकडचा 'पोरीचा' होता. ती पोरगी कडव्याच्या मध्येच हसते आणि हसत हसत पुढची ओळ पकडते. मंडळातल्या कुणीतरी त्यावर नाक मुरडलं, बाईमाणसानं रॅप करायचं असतंय का म्हणून. काकानं त्याला गोडाऊनमध्ये नेऊन बसवलं आणि अख्खा अल्बम ऐकवला. शेवटी विचारलं, "आता बोल." तो म्हणाला, "काकी जेवाय थांबल्या असतील." काका म्हणाला, "ह्यो बोलला न्हाय, पळाला."

अल्बमवर त्याची मतं फार होती आणि ती तो न विचारता द्यायचा. पहिलं गाणं दार उघडतं आणि शेवटचं घर झाडून घेतं, असं त्याचं म्हणणं. जुन्या गाण्यातला तुकडा कापून फिरवत ठेवतात, तो त्याला गुऱ्हाळाच्या चरकागत वाटायचा. "ऊस तोच, पन रस बघ कसा काढलाय." गाण्यांच्या मध्ये जे फोनवरचं बोलणं, दारावरची भांडणं घातलेली असतात ती बाकीचे लोक पुढं ढकलतात. तो ती सगळ्यात मन लावून ऐकायचा. मोबाईलवर एकदा गाणी उलटसुलट लागली, तर तो चिडला. "ह्यानं आधी बडीशेप वाढली, मग भात." नव्या अल्बमवर राग नव्हता त्याचा. ड्रम काढून टाकून नुसत्या आवाजावर उभे राहणारे आताचे लोक त्याला धाडसी वाटायचे. फक्त गाणी आखूड झाली हे पटायचं नाही. "सुरू झालं की संपलं. ह्यास्नी यष्टी पकडायची हाय काय?"

मिरवणुकीत त्याला हे काही लावता यायचं नाही. तिथं मंडळाला पाहिजे ते. गाण्याचं रिमिक्स, त्यावर भोंगा, त्यावर पुन्हा भोंगा. "ते काम हाय," तो म्हणायचा. पण गणपतीच्या आधी भिंत उभी करून आवाज जुळवायचा दिवस यायचा, तेव्हा तो जिन्याचा अल्बम लावायचा. बाकीचे डॉल्बीवाले एखादं दणदणीत गाणं लावून बेस तपासतात. हा अख्खा अल्बम लावून, भिंतीपुढं उभा राहून, एकेक आवाज जाग्यावर बसवायचा. "जिन्यावरची पावलं मोजाय आली पायजेत. ती आली की माणसाचं बोलणं आपसूक येतंय."

बी.ए. झाल्यावर माझं नाव त्यानं बदललं. आधी मी सुजे होते, आता 'मॅडम'. एक दिवस म्हणाला, "मॅडम, जिन्यावाला त्या चौथ्या गाण्यात काय म्हणतोय ते सांग की."

"सांगतो की काका," मी म्हणाले. आमच्याकडं पोरीही सांगतो-येतोच म्हणतात. दोन रविवार घालून मी ते उतरवलं. निम्मं त्यांच्या गल्लीतलं बोलणं, ते कुठल्या शब्दकोशात नव्हतं. अर्थ निघाला तो असा, की माझ्या गळ्यातली साखळी बघा, माझी गाडी बघा, माझ्या वाटेला जाऊ नका. मला वाटलं, हिरमुसेल. तो मांडीवर थाप मारून हसला. "म्हंजे आपल्या मंडळाच्या अध्यक्षाचाच भाऊ की ह्यो." मग मी शेवटच्या गाण्याचं सांगितलं. त्यात तो मेलेल्या भावाची माफी मागतो, मी आलो नाही, जवळच होतो आणि आलो नाही, म्हणतो. काकानं हातातला स्क्रू ड्रायव्हर पेटीवर ठेवला. मग म्हणाला, "ते ठावं हुतं मला. शब्द ठावं न्हवतं."

कानांचं कधी सुरू झालं ते नक्की कुणालाच माहीत नाही. त्यानं ते सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं तेव्हा तक्रार म्हणून सांगितलं नाही.

त्याचे वडील बाळू पैलवान. चुरगळून गाठी झालेले त्यांचे कान अख्ख्या गावानं पाहिलेले. आमच्या भागात पैलवानाचे मोडलेले कान म्हणजे सर्टिफिकेट असतं, लोक वाकून बघतात. सर्जाकाकालाही लहानपणी तालमीत घातला होता. अंगात मांस धरेना, दम टिकेना, वस्तादानं घरी पाठवला. तेव्हापासून म्हातारा त्याला येता-जाता एक वाक्य मारायचा. "कान बघ तुझं. बाईमाणसागत साबूत."

एका गणपतीनंतर काकाच्या कानात शिट्टी वाजू लागली. विसर्जनानंतर सगळ्यांच्याच वाजते, दोन-तीन दिवसांनी जाते. त्याची गेली नाही. त्यावर तो उठला आणि सरळ म्हाताऱ्यापुढं जाऊन उभा राहिला. मी आणि काकी सोप्यात शेंगा फोडत बसलो होतो.

"आबा, माझं बी कान मोडलं."

म्हाताऱ्यानं चष्मा लावला. एक कान बघितला, दुसरा बघितला. "दिसत तर न्हाईत."

"आतनं मोडल्यात. शिट्टी वाजतीया, चोवीस तास."

 म्हाताऱ्यानं पोराच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून जरा दाबली, पैलवान एकमेकांचे कान बघतात तशी. काका त्या दिवशी गावात सांगत फिरला. डॉल्बीवाल्यांत मग तेच चालू झालं. कुणाचे किती मोडले, कुणाला किती शिट्ट्या. रगडून रगडून कान तयार होतो, मग त्याला काही होत नाही, असं ते एकमेकांना सांगायचे. मी कॉलेज शिकलेली, मी म्हणायचे, काका, बाहेरच्या पाळीचं आणि आतल्या नसेचं वेगळं असतं. "तू इंग्रजी शिकलीस," तो म्हणायचा, "कानाचं न्हाय."

काकीनं शेवटी माझ्यापुढं हात जोडले. "तू शिकलेलीस, तुझ्यासंगं येतील." मी त्याला कोल्हापुरात कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी तपासलं, कागदावर रेघ काढली. रेघ डावीकडून सरळ आली आणि मध्येच विहिरीत पडावी तशी खाली गेली.

"वरच्या पट्टीतले आवाज गेलेत," डॉक्टर म्हणाले. "गेले ते परत येत नाहीत. राहिलेत ते वाचवायचे असतील तर हे काम आजपासून बंद."

"बेस ऱ्हातोय न्हवं?"

"सध्या राहतोय. पण माणसांचं बोलणं कळायला वरचेच आवाज लागतात."

"माणसं काय बोलत्यात ते ठावं हाय मला."

 बाहेर आल्यावर रिक्षात मी विचारलं, "आणि जिन्यावाला?"

हे मी मुद्दाम विचारलं, कारण त्याच महिन्यात बातमी आली होती. जिन्यावाल्यानं कितीतरी वर्षांत काही काढलं नव्हतं. आता म्हातारा झालाय, आजारी होता म्हणतात, आणि शेवटचा अल्बम करतोय. काकानं ती बातमी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली होती. एवढ्या गोंगाटाच्या धंद्यात त्याला स्वतःसाठी हवं असलेलं ते एकच होतं.

 रिक्षातून उतरताना तो म्हणाला, "कवा येणार म्हणालाय?"

"सांगितलं न्हाय अजून."

"तवर टिकतील."

मी कानात घालायचे फोमचे बोळे आणून दिले. त्यानं ते खिशात ठेवले, तिथंच राहिले. "डॉल्बीवालाच कानात बोळं घालून हुबा ऱ्हायला तर लोक काय म्हणतील? आन् आबा काय म्हणतील?" आबा तर तोवर खाटेवरून उठतही नव्हते. पुढच्या गणपतीला हा पुन्हा भिंतीपुढं. त्याच्या पुढच्याही. दरम्यान अल्बम येणार येणार म्हणत पुढं जात राहिला. दर वेळी तारीख हुकली की काका म्हणायचा, "घाई नको त्याला. नीट करू दे." आणि मग मला टीव्हीचा आवाज वाढवायला सांगायचा.

त्याचं काम कसं गेलं ते आप्पांनी पाहिलं. वरचे आवाज त्याला कमी येऊ लागले तसा तो मिक्सरवर ते वाढवत गेला. त्याला वाटायचं, आता नीट झालं. लोकांना मात्र दाभण टोचल्यागत व्हायचं. टॉपपुढं, म्हणजे वरचे आवाज फेकणाऱ्या स्पीकरपुढं, नाचणारी पोरं कानावर हात ठेवून मागं सरकायची. आप्पा त्याची पाठ वळली की हळूच बटण खाली करायचे. तो परत येऊन म्हणायचा, "झाकलं कुणी ह्ये?" आणि पुन्हा वर. ज्या माणसाला पावलं मोजता यायची, त्याच्याबद्दल मंडळाची पोरं म्हणू लागली, "सर्जाचं साऊंड नको, डोकं उठतंय." एका मंडळानं डॉल्बीवाला बदलला, मग दुसऱ्यानं. कुणी तोंडावर कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्याला ऐकू आलं नसतं, हे आप्पांनी घरी येऊन सांगितलं आणि जेवले नाहीत.

अल्बम आला तो उन्हाळ्यात. मी सकाळी ऑफिसला जायच्या आधी गोडाऊनकडं गेले आणि फोन त्याच्या डोळ्यांपुढं धरला. तोवर त्याच्याशी बोलायचं म्हणजे लिहून दाखवावं लागायचं. त्यानं नाव वाचलं, शर्टाला हात पुसले, हेडफोन लावला. कानामागं ऐकायचं मशीन होतं ते आधी काढून ठेवलं. त्या मशीनमधून सगळं पत्र्यावर गारा पडल्यागत येतं, असं तो सांगायचा. मी समोर बसले. त्यानं डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले, आवाज पूर्ण वाढवला, पुन्हा मिटले. हेडफोनमधून फुटणारा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही येत नव्हतं.

हेडफोन काढून त्यानं गुंडाळून ठेवला. "बारीक हाय ह्यो," तो म्हणाला. "ह्यातनं यायचं न्हाय."

मग डॉल्बी विकायचं ठरलं. कोडोलीचे पावणे घेणार होते. मुलगी जयसिंगपूरला दिलेली, ती बोलवत होती, काकीनं बांधाबांध सुरू केली होती. आता तिथंच असतात दोघं. काकीचा फोन येतो. तो बरा आहे, खातोपितो, नातवाला खेळवतो, कुणाशी बोलत नाही, म्हणते. मला मात्र तो आठवतो तो ती भिंत न्यायला कोडोलीचे लोक आले, त्या दिवसाचा.

दुपार होती. भिंत गोडाऊनपुढं उभी केलेली, समोर ऊस तुटून गेलेलं मोकळं रान. पावणे म्हणाले, एकदा वाजवून दाखवा. काकाला ते ओठांवरून कळलं. त्यानं माझ्याकडं हात केला. "मॅडम, त्याचा लाव. नवा."

आप्पा मध्ये आले. खुणेनं आणि तोंडानं दोन्हीनं सांगू लागले, "सर्जा, नको. उरलंसुरलं बी जाईल."

"उरलंय कुटं, आप्पा?" तो म्हणाला, अगदी शांतपणे. "ऱ्हायलं असलं तर ह्यातनंच जाईल आत. दुसरा रस्ता न्हाय."

मलाही तसंच वाटलं, हे खोटं कशाला सांगू. हेडफोनमधून जे त्याच्यापर्यंत पोचत नाही, ते एवढ्या मोठ्या भिंतीतून पोचेल. मी फोन जोडला. तो भिंतीपुढं हातभरावर जाऊन उभा राहिला, हात पाठीमागं बांधून.

ड्रम पडला तसा गोडाऊनचा पत्रा थरथरला. रानातले बगळे उठले. कोडोलीचे लोक कानात बोटं घालून आंब्याच्या झाडापर्यंत मागं गेले. मीही कान दाबले. आणि सर्जाकाकाची मान हलू लागली. बरोबर ठेक्यात, एकही न चुकता. तो वळून माझ्याकडं बघून हसला, छातीवर हात ठेवून ओरडला, "आला बघ, मॅडम."

पहिलं गाणं, दुसरं, तिसरं. त्याची मान चालू होती. काकी दारात येऊन उभी राहिली होती. तिनं पदर तोंडाला लावला होता. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं, आणि आम्हा दोघांनाही एकच वाटत होतं, की झालं, पोचलं.

मग ड्रम थांबला. मी तो अल्बम घरी ऐकला होता, मला माहीत होतं. मध्यावर एक गाणं आहे, त्यात वाद्य नाही. म्हातारा जिन्यावाला एकटा, अगदी जवळ येऊन, कुजबुजल्यासारखा बोलतो. त्याच्याबरोबर सुरुवात केलेले आणि आता नसलेले मित्र तो एकेक नाव घेऊन हाक मारतो, आणि प्रत्येक नावानंतर जरा थांबतो. एवढ्या मोठ्या आवाजात ती कुजबूज अख्ख्या रानात गेली. पावण्यांनी कानातली बोटं काढली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी त्यांचं आपसांतलं बोलणं थांबलं.

सर्जाकाकाची मान थांबली होती.  तो माझ्याकडं वळला.

"बंद पडलं काय?"

मी नाही म्हणून मान हलवली, हातानं भिंतीकडं दाखवलं. तो म्हातारा बोलतच होता. काकानं बघितलं न बघितल्यासारखं केलं. "कनेक्शन लूज असंल," तो म्हणाला आणि भिंतीच्या मागं गेला. गुडघ्यावर बसून त्यानं पहिली वायर ओढून काढली, पिन शर्टाला पुसली, पुन्हा बसवली. आवाज एका बाजूनं तुटला आणि परत आला. त्यानं वर बघितलं.

"आला का?"

मी हो म्हणून मान हलवली. त्यानं दुसरी वायर काढली. पुसली. बसवली.

"आता?"